येझदीच्या टाकीचा रंग पेट्रोल लागताच सुरकुततो : मदत हवी आहे

धागाकर्ता : माझ्या १९८६ सालच्या येझदी रोडकिंग मोटारसायकलची पेट्रोल टाकी मी घरीच रंगवली. चकाकी उत्तम आली. परंतु पेट्रोल भरताना झाकणाभोवती थेंब सांडले की तेथील रंग मऊ पडून सुरकुततो. घासून पुन्हा थर दिला, तरी तेच. रविवारी गाडी बाहेर काढायची आहे, तेव्हा कृपया थेट उपाय सांगावा.

निवृत्त फिटर : रंग कोणता, हे आपण लिहिलेलेच नाही. तयार स्प्रे कॅन वापरला, की हार्डनर (रंग पक्का करणारे रसायन) मिसळून स्प्रे गनने मारला?

सातारकर : रंगाचा नाद सोडून सरळ पावडर कोटिंग (रंगाची भुकटी भट्टीत भाजून बसवणे) करून घ्यावे. माझ्या गाडीची चॅसिस तशीच करून घेतली आहे, अद्याप ओरखडा नाही.

निवृत्त फिटर : चॅसिसची गोष्ट वेगळी. पावडर भाजताना भट्टी साधारण १८० ते २०० अंशांवर असते, आणि जुन्या टाकीचे भोक कोणी कथिल-शिशाचा डाग देऊन बुजवले असेल, तर तो डाग १८३ अंशांच्या आसपासच वितळू लागतो. शिवाय आत पेट्रोलची वाफ राहिली असेल तर काय होईल?

सातारकर : टाकी आधी धुऊन घेतात, एवढे मलाही कळते.

नोंदवही : आर.सी.वर गाडीचा रंग नोंदलेला असतो. बदलला असल्यास आरटीओला कळवावे.

धागाकर्ता : रंग मूळचाच काळा आहे आणि माझा प्रश्न तो नव्हता. कॅनच वापरला, वरचा क्लिअरही (पारदर्शक थर) कॅनचाच.

निवृत्त फिटर : मग कारण तेथेच आहे. साध्या कॅनमधील लॅकर केवळ थिनर उडून वाळतो, त्यामुळे पेट्रोल लागताच पुन्हा मऊ पडतो. टू-के, म्हणजे दोन घटकांचा, क्लिअर मात्र हार्डनरशी प्रक्रिया होऊन पक्का होतो. तो आहे त्या रंगावर मारल्यास खालचा थर उचलला जाईल, म्हणून पत्र्यापर्यंत सोलून इपॉक्सी प्रायमरपासून (पत्र्याला धरून बसणारा पहिला थर) सुरुवात करावी. हार्डनरमधील आयसोसायनेट फुप्फुसांना घातक असते, रुमाल बांधून भागत नाही. तेव्हा घासकाम घरी करून क्लिअरचा हात तेवढा बूथ (रंग फवारण्याची बंदिस्त खोली) असलेल्या पेंटरकडून मारून घ्यावा, असे माझे मत आहे. त्यानंतर निदान आठवडाभर पेट्रोलचा थेंब लागू देऊ नये.

धागाकर्ता : म्हणजे रविवार गेलाच की!

निवृत्त फिटर : न्यायचीच असेल, तर झाकणाचा रबरी वायसर नवा टाकावा, टाकी काठोकाठ भरू नये आणि पंपावर नळीभोवती फडके धरावे. रंगाचे काम परतल्यावर करावे.