पाळीव प्राण्यांचा परवाना महाग करावा का? (आणि उपविधी बदलायचीच तर काय काय बदलावं)

पट्टेवाला

बहुतेक शहरांची पाळीव प्राण्यांची उपविधी (म्हणजे पालिकेची स्थानिक नियमावली) एकाच साच्यातली असते. सगळ्या कुत्र्यांना एकच शुल्क, दरवर्षी नूतनीकरण, गळ्यात बिल्ला, आणि परवाना नसल्याचा दंड इतका किरकोळ की तो भरणंच परवडावं. ती नव्याने लिहायची झाली तर माझा मसुदा असा. हवा तेवढा फाडा.

नसबंदी झालेल्या प्राण्याचं शुल्क १ धरलं तर न झालेल्याचं ४. चिप (कातडीखाली बसवायची ओळखखूण) सक्तीची. रेबीजची लस चालू नसेल तर परवाना नाही. मांजरांनाही हेच सगळं. चावा नोंदला गेला की त्या जनावराच्या अटी बदलणार. आणि जमा पैसा प्राणी नियंत्रणाबाहेर वळवायचा नाही. हे शेवटचं कलम न घातल्यास काय होतं ते जर्मनीत दिसतं. तिथला कुत्राकर थेट पालिकेच्या सर्वसाधारण तिजोरीत जातो, मग दर वाढला की कुत्रेवाले विचारणारच, यातलं आमच्या वाट्याला काय?

चौपट कशासाठी, तर खर्च तिथूनच येतो. कुत्री साधारण वर्षातून दोनदा माजावर येते आणि ६३ दिवसांच्या आसपास विते. नको असलेली वीण शेवटी कोंडवाड्याच्याच दारात येते.

कोंडवाडेकर

चौपटीला ठाम विरोध. परवाना काढायला येतो तो मालक मुळात नियम पाळणारा. ज्याची कुत्री दर सहा महिन्यांनी पिल्लं घालते आणि ज्याने बिल्ला जन्मात पाहिलेला नाही, त्याच्यापर्यंत तुमचा दर पोचतच नाही. चोर सोडून संन्याशाला सुळी.

ब्रिटनचं उदाहरण घ्या. १९८७ मध्ये तिथे कुत्र्याचा परवाना रद्द झाला, तेव्हा शुल्क होतं ३७ पेन्स. तरीही सुमारे निम्मे मालक तो काढत नव्हते. ३७ पेन्सला आला नाही तो चौपटीला येईल?

शिवाय परवान्याचं खरं काम नोंद ठेवणं आहे. रेबीजची साखळी तोडायला एकूण कुत्र्यांपैकी ७० टक्क्यांना लस लागते. अंश, म्हणजे लस दिलेली कुत्री, लसीच्या कुप्यांवरून कळेल; छेद, म्हणजे एकूण कुत्री, कुठून आणणार? परवाना महाग केलात की कुत्री कमी होत नाहीत, कागदावरची कुत्री कमी होतात. माझं म्हणणं, पहिल्या वर्षी शुल्क शून्य. परवाना पालिकेच्या खिडकीवर न देता पशुवैद्याच्या टेबलावर, लसीच्या नोंदीबरोबर त्याच कागदावर.

पट्टेवाला

३७ पेन्सचा दाखला तुमच्याच विरुद्ध जातो, साहेब. त्यात वसुलीचा खर्चही निघत नव्हता, त्यामुळे दारोदार तपासायला कोणी जात नव्हतं. आणि मालकाला बदल्यात मिळत काय होतं? कागद.

कॅनडातल्या कॅल्गरीने दुसरी वाट धरली. नसबंदी न झालेल्या प्राण्याचं शुल्क जास्त, २००७ पासून मांजरांनाही परवाना, परवाना नसल्यास दंड सणसणीत. पण परवाना असलेलं कुत्रं सापडलं की कोंडवाड्यात न नेता थेट घरी सोडायचं. लोक परवाना काढतात ते या सोयीसाठी. पशुवैद्याच्या टेबलावर परवाना ही कल्पना मात्र उचलतो. शून्य शुल्क मान्य नाही, पहिल्या वर्षी अर्धं ठेवा.

सुईदोरा

दरावर भांडा खुशाल, पण मसुद्यातली वयं आधी नीट करा. सगळा घोळ तिथे होतो.

रेबीजची पहिली लस साधारण १२ आठवड्यांना. 'तीन महिन्यांच्या आत परवाना' असं लिहिलंत तर नियम पाळणं अशक्य, कारण लस आणि अंतिम तारीख एकाच आठवड्यात पडतात. चार महिने लिहा. दत्तक घेतलेल्या किंवा बाहेरगावाहून आणलेल्या जनावराला ३० दिवस. पहिल्या लसीनंतर वर्षभरात दुसरी मात्रा, पुढे लसीच्या लेबलप्रमाणे एक किंवा तीन वर्षं. परवाना दरवर्षी आणि लस तीन वर्षांची असली की मालक दोन्ही विसरतो, म्हणून परवान्याची मुदत लसीच्या तारखेलाच संपू द्या.

नसबंदी न केल्याचा चढा दर सरसकट सहा महिन्यांपासून लावू नका. मोठ्या जातींच्या कुत्र्यांची हाडं भरायला १२ ते १८ महिने जातात, त्याआधी नसबंदी केली तर सांध्यांच्या तक्रारींचा धोका काही जातींत वाढतो. १८ महिन्यांपर्यंत मूळ दर, मग चढा. मांजरीचं गणित उलटं. ती चौथ्या-पाचव्या महिन्यातच गाभण राहू शकते, तिला १८ महिने दिलेत तर तेवढ्यात तिची नातवंडं मोजावी लागतील. तिथे पाच महिने पुरे. हृदयविकार किंवा भुलीचा धोका असलेल्या प्राण्याला पशुवैद्याच्या दाखल्यावर सूट, पण दाखल्यालाही मुदत हवी.

आणि पडताळणी? मादीचा टाक्याचा व्रण केसांखाली वर्षभरात दिसेनासा होतो. म्हणून काही ठिकाणी टाक्याजवळ बारीक हिरवी रेघ गोंदतात. नराचं तर आणखी अवघड, वृषण पोटातच अडकलेला नर वरून नसबंदी झाल्यासारखा दिसतो. निरीक्षकाने नुसत्या नजरेवर दर ठरवायचा नाही, शस्त्रक्रियेचा दाखलाच मागायचा.

कोंडवाडेकर

१८ महिन्यांचं एकदम पटलं. चौपटीचा निम्मा डंख तिथेच गेला. आता चिपकडे वळतो, कारण 'चिप सक्तीची' एवढं एक वाक्य लिहून काही होत नाही.

चिप म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढी काचेची कुपी, साधारण २ गुणिले १२ मिलिमीटर. बॅटरी नाही, ठावठिकाणा कळत नाही. स्कॅनर जवळ नेला की फक्त १५ आकडी क्रमांक. आयएसओच्या ११७८४ आणि ११७८५ या आंतरराष्ट्रीय मानकांप्रमाणे १३४.२ किलोहर्ट्झची चिप असं उपविधीत स्पष्ट लिहा. अमेरिकेत १२५ किलोहर्ट्झच्या जुन्या चिपा अजून फिरतात. एकाच वारंवारितेच्या स्कॅनरला त्या दिसतच नाहीत, आणि चिप असलेलं कुत्रं बेवारस ठरतं. कोंडवाड्यात सगळ्या वारंवारिता वाचणारे स्कॅनर हवेत.

स्कॅन करताना आधी धातूचा पट्टा काढायचा. मग खांद्यांच्या मधून सुरुवात करून नागमोडी रेघेत सावकाश मानेपर्यंत, दोन्ही कोपरांपर्यंत आणि छातीखाली जायचं, कारण चिप सरकते. घाईत पाठीवरून एकदा फिरवला आणि 'चिप नाही' लिहिलं, हा नेहमीचा प्रकार. त्याहून नेहमीचा म्हणजे चिप सापडते, पण नोंदीतला फोन जुन्या मालकाचा निघतो. चिप बसवणं आणि ती मालकाच्या नावावर नोंदवणं ही दोन वेगळी कामं आहेत हे कित्येकांना माहीतच नसतं. नूतनीकरणाच्या वेळी फोन क्रमांक पुन्हा विचारणं सक्तीचं करा. याला कवडी लागत नाही.

मांजरपाट

मांजरांना बिल्ला लावायला निघालेल्यांना साष्टांग नमस्कार. पट्टा फांदीत अडकला तर मांजर लटकतं, त्यामुळे ताण आला की सुटणारा पट्टाच लागतो. तो सुटतो, बिल्ला जातो, निरीक्षक दंड लावतो. मांजराला चिप पुरे. इंग्लंडनेही १० जून २०२४ पासून मांजराला २० आठवड्यांचं होण्याआधी चिप सक्तीची केली, परवाना नाही.

आणि गल्लीतल्या मांजरांना खाऊ घालणाऱ्याला 'मालक' ठरवू नका. पकडून, नसबंदी करून, खूण म्हणून कानाचं टोक कापून सोडलेल्या मांजरांसाठी वेगळं कलम हवं. नाहीतर चढ्या दराच्या धाकाने खाऊ घालणारे पिंजरा लावायलाच तयार होणार नाहीत.

पट्टेवाला

मान्य. मांजरांच्या कलमातून बिल्ला काढला, चिप ठेवली. परवाना मात्र राहील.

दातकोरणं

चाव्याच्या कलमावर कोणीच बोलत नाही? 'चावा नोंदला गेला की अटी बदलणार' हे फार ढोबळ आहे. पशुवैद्य आणि श्वानवर्तनतज्ज्ञ इयान डनबार यांची सहा पायऱ्यांची मोजपट्टी वापरा. पहिली पायरी अंगावर येणं, दाताचा स्पर्श नाही. दुसरीत दात लागतात पण कातडीत घुसत नाहीत. तिसरीत एकाच चाव्याच्या एक ते चार खुणा, सुळ्याच्या निम्म्या लांबीपेक्षा उथळ. चौथीत निम्म्याहून खोल. पाचवी म्हणजे अनेक खोल चावे, सहावीत मृत्यू. पहिल्या दोनला ताकीद आणि प्रशिक्षण, तिसरीला आखूड पट्टा आणि सार्वजनिक जागी मुसकी, चौथीपासून सुनावणी. चिडवल्यामुळे किंवा घरात घुसलेल्याला चावल्यास तो फरकही नोंदवा.

जातीवर बंदी मात्र नको. ब्रिटनच्या १९९१ च्या कायद्यात बंदी घातलेले कुत्र्यांचे चार प्रकार होते, नंतर एक्सएल बुली हा पाचवा जोडावा लागला. एक जात बंद केली की लोक पुढची पाळतात. नेदरलँड्सने पिटबुलवरची १९९३ ची बंदी २००८ मध्ये उठवली, कारण चावे कमी झाले नव्हते.

सुईदोरा

पायऱ्या ठीक, पण रेबीजचा भाग त्यांच्याशी जोडू नका. कातडी फुटली की पायरी कुठलीही असो, कुत्रं लसवंत असलं तरी, दहा दिवस निरीक्षण. कुत्र्या-मांजराच्या लाळेत विषाणू आला की ते त्या मुदतीत आजारी पडतंच. दहाव्या दिवशी ठणठणीत असेल तर चावताना लाळेत विषाणू नव्हता. मात्र ज्याला चावलं त्या माणसाने दहा दिवस वाट बघत बसायचं नाही. साबण-पाण्याने १५ मिनिटं धुऊन लगेच दवाखाना. जनावर मधेच मेलं तर डोकं बर्फात थंड ठेवून प्रयोगशाळेत, गोठवायचं नाही. गोठवल्याने मेंदूचे नमुने खराब होतात.

दातकोरणं

हे निरीक्षण घरी की कोंडवाड्यात? परवाना आणि चालू लस असेल तर घरी, नसेल तर मालकाच्या खर्चाने कोंडवाड्यात, असं लिहा. परवाना काढायला याहून चांगलं आमिष सापडणार नाही.

कोंडवाडेकर

आमिष उत्तम, पण घरी म्हणजे कुंपणाच्या आत, आणि निरीक्षकाची पहिल्या नि दहाव्या दिवशी भेट. एका घरात जास्तीत जास्त किती जनावरं, असं कलम मात्र घालू नका, शेजाऱ्यांची भांडणं मिटवायला कोणी निरीक्षक नेमत नाही.

दराचं अजून मिटलेलं नाही. चौपट लागू करायच्या आधी ९० दिवस जुन्या दराने, विनादंड नोंदणी खुली ठेवा. त्यात किती आले ते मोजा, आणि मग चौपट की दुप्पट ते ठरवा. आकडा आधी, दर नंतर.

पट्टेवाला

९० दिवस चालतील. पण दर आधीच जाहीर करणार, नाहीतर त्या ९० दिवसांत यायची घाई कोणाला असणार?