सायक्लोहेक्झिल मेथॅक्रिलेट: १४० अंशांना केपी रेषेखाली येतो, हे डीप्रोपगेशनच का?

प्रश्न (रॅडिकल_रेषा):
सायक्लोहेक्झिल मेथॅक्रिलेटच्या साखळीवाढीचा वेगस्थिरांक (केपी) पल्स लेझर आणि एसईसीने (साखळ्या आकारानुसार वेगळ्या करणारी क्रोमॅटोग्राफी) मोजतो आहे. ३५५ नॅनोमीटरचा लेझर, फोटोइनिशिएटर डीएमपीए ५ मिलिमोल/लिटर, नायट्रोजनचे बुडबुडे सोडून ऑक्सिजन काढलेला बल्क (द्रावकाशिवायचा) मोनोमर, रूपांतर ३ टक्क्यांच्या आत. ८० अंशांपर्यंत अऱ्हेनियस आलेख (केपीचा लॉगरिदम विरुद्ध १/तापमान) सरळ आहे. १४० अंश सेल्सियसला मात्र केपी वाढवलेल्या रेषेपेक्षा सुमारे २० टक्के खाली येतो. साखळीलांबीच्या वितरणातला दुसरा वळणबिंदू पहिल्याच्या बरोबर दुप्पट साखळीलांबीवर मिळतो. मोनोमरची संहती ५.७ मोल/लिटर धरली आहे. ही घट डीप्रोपगेशनची (साखळीच्या टोकाचा मोनोमर पुन्हा सुटण्याच्या उलट अभिक्रियेची) समजायची का?

उत्तर १ (समतोल_बिंदू):
काही भाग बहुधा, पण सगळी नाही. आधी अंदाज काढून पाहा. दिसणारा केपी = खरा केपी − केडी ÷ [मो]. इथे केडी हा उलट अभिक्रियेचा वेगस्थिरांक आणि [मो] ही मोनोमरची संहती. केडी ÷ केपी म्हणजेच समतोल संहती, म्हणजे जिला वाढ आणि उलट अभिक्रिया सारख्याच वेगाने चालतात ती मोनोमरची संहती. मेथॅक्रिलेटसाठी एन्थाल्पी −५६ किलोज्यूल/मोल आणि एन्ट्रॉपी −१३० ज्यूल/मोल·केल्विन (१ मोलर प्रमाण अवस्था) धरली, तर १४० अंशांना समतोल संहती ०.५ मोल/लिटरच्या आसपास येते. बल्कमध्ये [मो] ५ असेल, तर घट १० टक्के. पल्स लेझर पद्धतीची अनिश्चितताही साधारण तेवढीच असते, त्यामुळे बल्कमधल्या एका बिंदूवरून डीप्रोपगेशन सिद्ध होत नाही.

आता ५.७ कडे पाहा. ही संहती खोलीच्या तापमानाची आहे: घनता ०.९६, रेणुभार १६८. मोनोमर दर अंशाला साधारण ०.००१ ग्रॅम/मिलि हलका होतो. म्हणजे १४० अंशांना घनता ०.८५ च्या आसपास आणि [मो] सुमारे ५.०५. केपी = साखळीलांबी ÷ ([मो] × दोन पल्समधला वेळ) असल्यामुळे [मो] जास्त धरला की केपी तेवढाच कमी निघतो, इथे ११-१२ टक्के. ही चूक ८० अंशांनाही ५-६ टक्के असणार. म्हणजे तुमची ‘सरळ’ रेषा किंचित झुकलेली आहे आणि तिच्यावरून काढलेली सक्रियण ऊर्जाही थोडी कमी आली आहे. प्रत्येक तापमानाची घनता घालून सगळे बिंदू पुन्हा काढा.

वळणबिंदूंच्या दुपटीवर इथे विसंबू नका. ती पल्सचा ठसा नीट उमटल्याची खूण आहे. डीप्रोपगेशन असलं तरी निव्वळ वाढीचा वेग ठरावीकच राहतो, त्यामुळे गुणोत्तर दोनच येतं.

उत्तर २ (पातळ_द्रावण):
यातून सुटायचा खरा मार्ग म्हणजे तापमान स्थिर ठेवून संहती बदलणं. १४० अंशांनाच ५, ३, २ आणि १.२ मोल/लिटर घ्या आणि दिसणारा केपी १/[मो] विरुद्ध काढा. डीप्रोपगेशन असेल तर उतरती सरळ रेषा येईल. तिचा छेद म्हणजे खरा केपी, उतार म्हणजे −केडी. वरच्या अंदाजानुसार १.२ मोल/लिटरला घट ४० टक्क्यांच्या पुढे जाते, ती लपणार नाही. रेषा आडवी आली तर कारण दुसरीकडे आहे. छेदातून आलेला केपी दुरुस्त केलेल्या अऱ्हेनियस रेषेवर बसतो का, हेही बघा.

द्रावक म्हणून डायफेनिल ईथर बरा, त्याचा उत्कलनबिंदू २५८ अंश आहे. टोल्युइन १११ ला उकळतो. बेंझिल अल्कोहोल नकोच, कारण हायड्रोजन बंधामुळे केपी स्वतःच बदलतो आणि उतार फसवा येतो. पातळ द्रावणात साखळ्या आखूड होतात, म्हणून पल्सचा वेग कमी करा, म्हणजे पहिला वळणबिंदू १००-२०० एककांच्या खाली जाणार नाही. फार आखूड साखळ्यांत सुरुवातीची वाढ वेगळ्या गतीने होते आणि केपी वर ढकलला जातो.

शिवाय प्रत्येक तापमानाला एक नमुना लेझरविना तितकाच वेळ गरम करा. १४० अंशांना साठलेल्या पेरॉक्साइडमुळे पॉलिमर बनत असेल, तर तो पार्श्वभूमी वाढवून वळणबिंदू सरकवतो. थर्मोकपल सेलच्या भिंतीला नव्हे, द्रावणात हवा.

रॅडिकल_रेषा:
एसईसी पॉलिस्टायरीनवर कॅलिब्रेट केलं आहे. त्यानेही घट येऊ शकते का? आणि पुढे अल्फा-मिथिलस्टायरीनवर हीच पद्धत चालेल का?

उत्तर ३ (समतोल_बिंदू):
कॅलिब्रेशनची चूक सगळ्या तापमानांचे बिंदू जवळपास सारखेच वर-खाली नेते, वाक आणत नाही. निरपेक्ष केपीसाठी मात्र मार्क-हाउविंक स्थिरांक (रेणुभार आणि द्रावणाची विष्यंदिता जोडणारे) किंवा प्रकाश-विकिरण शोधक लागेल.

अल्फा-मिथिलस्टायरीनवर नाही. बल्कमध्ये त्याचं सीलिंग तापमान (ज्याच्या वर लांब साखळ्या बनत नाहीत) ६१ अंशांच्या आसपास आणि २५ अंशांनाच समतोल संहती सुमारे २.२ मोल/लिटर. केपी इतका लहान की १० हर्ट्झला दोन पल्समध्ये मोजकीच एककं जोडली जातात, वळणबिंदू दिसणारच नाही. त्यासाठी स्टायरीनबरोबर सहपॉलिमर करा. मोनोमरांचं गुणोत्तर तेच ठेवून एकूण संहती कमी करा आणि एनएमआरवर पॉलिमरमधला अल्फा-मिथिलस्टायरीनचा वाटा बघा. उलट अभिक्रिया नसती, तर पातळ केल्याने हा वाटा बदलला नसता.