पासथ्रू चालतंय, सरासरी फ्रेमरेटही बरा, पण गेम सारखा अडखळतो

रात्रपाळी

होस्ट (मूळ मशीन) लिनक्स, व्हर्च्युअल मशीन (व्हीएम) चालवायला केव्हीएम आणि लिबव्हर्ट. गेस्ट (व्हीएममधली सिस्टम) विंडोज ११. प्रोसेसर रायझन ९ ५९००एक्स, रॅम ३२ जीबी, त्यातली १६ गेस्टला. आरटीएक्स ३०७० ग्राफिक्स कार्ड पासथ्रूने, म्हणजे थेट, पूर्ण गेस्टकडे, होस्टसाठी दुसरं छोटं कार्ड.

थेट विंडोजवर सरासरी ११८ फ्रेम, एक टक्का लो (सर्वांत मंद एक टक्का फ्रेमांचा वेग) ८१. तोच गेम, तीच सेटिंग्ज व्हीएममध्ये: सरासरी १०६, एक टक्का लो फक्त ३३. ग्राफिक्स कार्डाचा वापर ६०-७० टक्क्यांच्या वर जातच नाही. शिवाय कार्डाच्या एचडीएमआयमधून येणारा आवाज मधूनच फुटतो.

व्हीसीपीयू (गेस्टचे व्हर्च्युअल प्रोसेसर) ० ते ११ हे होस्टच्या ० ते ११ वर एकास एक पिन केलेत (बांधलेत), टोपॉलॉजी (गेस्टला दाखवलेली रचना) ६ कोअर २ थ्रेड. डिस्क साटावर, क्यूकाऊ२ (व्हर्च्युअल डिस्कचा एक प्रकार) फाइल. कार्ड ओव्हरक्लॉक करून पाहिलं, काडीचा फरक नाही. कुठे बघू?

कर्नलकाका

कार्ड रिकामं बसतंय म्हणजे दोष कार्डात नाही, ओव्हरक्लॉक परत उतरवा. चूक पिनिंगमध्ये आहे.

टर्मिनलवर ‘एलएससीपीयू -ई’ चालवा आणि ‘कोअर’चा रकाना बघा. ५९००एक्सवर ० ते ११ हे बाराही कोअरचे पहिले थ्रेड असतात, दुसरे थ्रेड १२ ते २३. म्हणजे ० चा जोडीदार १२, १ चा १३. तुम्ही गेस्टला सांगितलंय ‘६ कोअर, प्रत्येकी २ थ्रेड’, आणि प्रत्यक्षात दिलेत बारा वेगवेगळ्या कोअरचे अर्धे-अर्धे तुकडे. त्यातले सहा एका चिपलेटवर (प्रोसेसरच्या दोन तुकड्यांपैकी एक), सहा दुसऱ्यावर. प्रत्येक चिपलेटची ३२ एमबी एल३ कॅश (जवळची वेगवान मेमरी) आपापली, त्यामुळे गेमचे थ्रेड एकमेकांचा डेटा मागतात तेव्हा अनेकदा पलीकडच्या चिपलेटला फेरी पडते. त्यात प्रत्येक कोअरचा उरलेला थ्रेड होस्ट वापरतोय. सरासरीत हे लपतं, एक टक्का लोमध्ये उघडं पडतं.

दुसरं चिपलेट अख्खं गेस्टला द्या, पहिलं होस्टला ठेवा. जोड्या अशा लावा:

व्हीसीपीयू ० → ६
व्हीसीपीयू १ → १८
व्हीसीपीयू २ → ७
व्हीसीपीयू ३ → १९

याच चालीने व्हीसीपीयू १० → ११ आणि ११ → २३ पर्यंत. क्रम महत्त्वाचा, कारण गेस्ट लागोपाठच्या दोन व्हीसीपीयूंना एकाच कोअरचे थ्रेड समजतो. सीपीयू मोड होस्ट-पासथ्रू, त्यात ‘टोपोएक्स्ट’ फीचर रिक्वायर म्हणून लिहा. एएमडीवर ते नसेल तर विंडोजला जोड्या दिसतच नाहीत, ते बारा सुटे कोअर धरून चालतं. कॅश मोडही पासथ्रू करा. एम्युलेटरपिन (व्हीएम चालवणाऱ्या होस्टच्या कामांची जागा) ०-१ आणि १२-१३ वर.

पिन केलं म्हणजे जागा राखीव झाली असं नाही. होस्टचा ब्राउझर अजूनही कोअर ६ वर येऊन बसू शकतो. लिबव्हर्टच्या हुकमध्ये (आपोआप चालणारी स्क्रिप्ट) व्हीएम सुरू होताना युजर स्लाइस, सिस्टम स्लाइस आणि इनिट स्कोप (होस्टच्या कामांचे गट) या तिघांचे ‘अलाउडसीपीयूज’ ०-५,१२-१७ करा, बंद होताना ०-२३. ‘आयसोलसीपीयूज’ या कर्नल पॅरामीटरनेही जमतं, पण मग व्हीएम बंद असतानाही निम्मा प्रोसेसर नुसता पडून.

चौसष्टबिट

काकांचं बरोबर, दोन गोष्टी जोडतो.

होस्ट-पासथ्रूमुळे ‘एसव्हीएम’ (एएमडीचं व्हर्च्युअलायझेशन) फीचरही गेस्टला दिसतं. ते दिसलं की विंडोज ११ आतल्या आत स्वतःचा हायपरव्हायझर (व्हीएम चालवणारा थर) चालवू शकतं आणि मग सगळं व्हर्च्युअल मशीनच्या आतल्या व्हर्च्युअल मशीनमध्ये चालतं. गेस्टमध्ये ‘एमएसइन्फो३२’ उघडा. ‘व्हर्च्युअलायझेशन-बेस्ड सिक्युरिटी’समोर ‘रनिंग’ असेल तर व्हीएमच्या एक्सएमएलमध्ये (सेटिंगची फाइल) एसव्हीएम डिसेबल करा. संरक्षणाचा एक थर जातो आणि गेस्टमध्ये डब्ल्यूएसएल२ (विंडोजमधलं लिनक्स) चालणार नाही. फक्त गेमसाठीची व्हीएम असेल तर मी हा सौदा करीन.

दुसरं, ह्यूजपेजेस, म्हणजे मेमरीची मोठी पानं. १६ जीबीला २ एमबीची ८१९२ पानं लागतात. कर्नल पॅरामीटरमध्ये देऊन बूटलाच राखून ठेवा. मशीन तासन्‌तास चालल्यावर मागाल तर मेमरीचे तुकडे झालेले असतात, सलग पानं कमी मिळतात आणि व्हीएम सुरूच होत नाही. ‘मेमइन्फो’मध्ये ह्यूजपेजेस टोटल ८१९२ दिसतंय ना बघा. मेमबलून (गेस्टची मेमरी कमी-जास्त करणारं उपकरण) ‘नन’ करा, कार्ड पासथ्रू असताना त्याचा उपयोग शून्य.

रात्रपाळी

व्हीबीएस (व्हर्च्युअलायझेशन-बेस्ड सिक्युरिटी) खरंच रनिंग होतं. सगळं बदललं. सरासरी ११४, एक टक्का लो ७२. पण आवाज तसाच फुटतो, आणि नवीन भाग लोड होताना अजून एक झटका बसतोच.

कर्नलकाका

दोन्ही वेगळे आजार.

आवाजासाठी गेस्टच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘रिसोर्सेस बाय टाइप’ करून आयआरक्यू (इंटरप्टचा, म्हणजे डिव्हाइसने प्रोसेसरला दिलेल्या हाकेचा आकडा) बघा. कार्डाच्या ऑडिओ डिव्हाइससमोर उणे आकडा असेल तर एमएसआय (मेसेजने इंटरप्ट पाठवायची नवी पद्धत) चालू, साधा धन आकडा असेल तर जुना लाइन इंटरप्ट. तुमच्याकडे धनच निघेल. रजिस्ट्रीत त्या डिव्हाइसच्या ‘इंटरप्ट मॅनेजमेंट’खाली ‘मेसेजसिग्नल्डइंटरप्टप्रॉपर्टीज’ नावाची की असते, नसेल तर बनवा, आणि तिच्यात ‘एमएसआयसपोर्टेड’ डीवर्ड १ करून रीबूट. ग्राफिक्स आणि ऑडिओ ही दोन वेगळी फंक्शन्स आहेत, दोन्ही तपासा.

झटका डिस्कचा. एम्युलेटेड साटा सोडून व्हर्टआयओ (व्हीएमसाठीच बनवलेली वेगवान डिस्क-जोडणी) घ्या: कॅश नन, आयओ नेटिव्ह, स्वतंत्र आयओथ्रेड (डिस्कच्या कामाचा थ्रेड) आणि तो २,१४ वर पिन. क्यूकाऊ२ऐवजी रॉ. मात्र बूट डिस्क एकदम बदलू नका, ड्रायव्हर नसल्याने निळा पडदा येईल. आधी १ जीबीची रिकामी व्हर्टआयओ डिस्क जोडून विंडोज सुरू करा, ड्रायव्हर टाका, ती डिस्क दिसली की शटडाऊन, आणि मग मुख्य डिस्कचा बस बदला. जास्तीचं एनव्हीएमई असेल आणि त्याचा आयओएमएमयू ग्रुप (एकत्रच गेस्टला देता येणाऱ्या उपकरणांचा गट) वेगळा असेल तर या कटकटीपेक्षा अख्खा कंट्रोलरच गेस्टला देणं उत्तम.

चौसष्टबिट

दोन कार्डं आहेत म्हणून ‘एलएसपीसीआय -व्हीव्ही’मध्ये ३०७० ची लिंकही (मदरबोर्डशी जोडणी) बघून घ्या. काही मदरबोर्डांवर दुसरा स्लॉट भरला की पहिला १६ लेनवरून (डेटाचे मार्ग) ८ वर येतो. गेम चालू असतानाच बघा, रिकामं कार्ड वीज वाचवायला २.५ जीटी (सर्वांत कमी वेग) दाखवतं आणि लोक उगाच घाबरतात.

आणि ग्राफिक्स ड्रायव्हर अपडेट झाला की एमएसआयची नोंद पुसली जाऊ शकते. आवाज पुन्हा फुटायला लागला तर आधी तिथे बघा.