मदत हवी आहे : ए-वन आकाराच्या इमारत-नकाशांसाठी सांगली-मिरजेत फ्लॅटबेड स्कॅनर

सांगलीत पहिल्या स्त्री वास्तुविशारदांवर प्रदर्शन मांडतोय. पेरीन मिस्त्री (जे. जे.ची पदविका, १९३६), चंदीगडच्या उभारणीतल्या ऊर्मिला युली चौधरी आणि चार्ल्स कोरिया आणि शिरीष पटेल यांच्याबरोबर नवी मुंबईची कल्पना मांडणाऱ्या प्रवीणा मेहता यांचे फलक तयार आहेत. घोडं अडलंय ते सातारा-सांगलीच्या फलकावर.

या भागातल्या जुन्या स्त्री वास्तुविशारदांचे ट्रेसिंग (अर्धपारदर्शक कागदावरचे नकाशे) आणि अमोनिया प्रिंट (त्यांवरून अमोनियाच्या वाफेने काढलेल्या प्रती) मिळालेत, आकार ए-वन, म्हणजे ५९४ × ८४१ मिमी. झेरॉक्सवाल्यांकडचा रोलरचा स्कॅनर नको. ट्रेसिंग ठिसूळ झालंय, कडेची बारीक चीर रोलरमध्ये ओढली की कागद आरपार फाटतो. अमोनिया प्रिंटच्या रेघा उजेडात फिक्या पडतात, म्हणून मूळ प्रती भिंतीवर लावणारच नाही. इंचाला ३०० ठिपके पुरे, पेन्सिलच्या फिक्या रेघांना ४००. शेजारी मोजपट्टी ठेवूनच स्कॅन हवं, छपाईत आकार बदलला की नकाशावर लिहिलेलं '१:१००' हे प्रमाण खोटं ठरतं (हे हमखास विसरतात!).

असा सपाट स्कॅनर कुठे आहे? नाहीतर वरून फोटो काढणारं कुणी? आणि ट्रेसिंगवरची पिवळी सेलोटेप कशी सोडवायची? हेअर ड्रायरने कागद आक्रसतो, तो उपाय सोडून सांगा.