पहिलाच प्रोग्रेसिव्ह चष्मा : पायऱ्या हलतात, स्क्रीन पुसट. सवयीचा प्रश्न की फिटिंगचा?

विश्रामबाग_सांगली
वय ४९. लांबचा नंबर दोन्ही डोळ्यांना मायनस ३.५०. आता चाळिशीचा १.७५ ॲडिशन (जवळचं वाचायची जादा भर) घालून प्रोग्रेसिव्ह केलाय, म्हणजे एकाच काचेत वर लांबचं, मधे स्क्रीनचं, खाली जवळचं. उजव्या डोळ्याला ०.७५ सिलिंडर (एकाच दिशेला लागणारा नंबर) नव्यानंच आलाय. काम मार्केट यार्डात हळदीच्या पेढीवर, दिवसभर कॉम्प्युटरवर हिशेब. जिना उतरताना पायऱ्या हलल्यासारख्या वाटतात. गाडीच्या आरशात बघावं तर कडेचं वाकडं दिसतं. स्क्रीनसाठी हनुवटी वर करावी लागते, त्यानं मान धरते. दुकानात म्हणतात सवय होईल. थांबू का?

मिरजेचा_काचवाला
ताई, तिन्ही तक्रारी एका माळेत ओवू नका. पहिल्या दोन बहुतेक सवयीनं जाणवेनाशा होतात. तिसरीसाठी थांबू नका.

काचेच्या खालच्या भागात जवळचा नंबर असतो आणि पायरी असते दीडेक मीटरवर, म्हणून ती पुसट आणि सरकल्यासारखी दिसते. उतरताना हनुवटी छातीकडे घ्या, म्हणजे वरच्या भागातून पायरी दिसेल. सुरुवातीला कठडा धरूनच उतरा. खालच्या दोन्ही कडांना वाकडं दिसणं हे या काचेत राहणारच. आरशाकडे नुसता डोळा फिरवू नका, नाक तिकडे वळवा.

आता हनुवटीचं. मान सरळ ठेवून स्क्रीनकडे बघा आणि दोन्ही हातांनी फ्रेम २-३ मिलिमीटर वर उचला. तेवढ्यानं आकडे स्वच्छ झाले तर चष्मा खाली बसलाय. बराच उचलावा लागला तर मॉनिटर उंचावर आहे. त्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीपेक्षा ८-१० सेंटिमीटर खाली आणा, अंतर ६० ते ७० सेंटिमीटर ठेवा.

अजिंक्यतारा_सातारा
काचवाल्यांशी सहमत, फक्त सिलिंडरचं राहिलं. नवा सिलिंडर आला की फरशी उतरती वाटते, टेबलाची चौकट तिरकी दिसते. एक-दोन आठवड्यांत हे बसतं, पण चष्मा सकाळपासून रात्रीपर्यंत घातला तरच. मधेच जुना चढवला की डोळ्यांची सवय पुन्हा मोडते.

एक तपासणी घरीच करा. एकेक डोळा झाकून, काचेच्या वरच्या भागातून समोरची लांबची पाटी वाचा. नाकासमोरची पाटीच एका डोळ्यानं पुसट दिसत असेल, तर सिलिंडरचा ॲक्सिस (कोन) किंवा नंबर चुकलाय, ते सवयीनं सुधारत नाही. आणि शुगर वरखाली होत असेल तर नंबरही हलतो; ती स्थिर झाल्यावरच नंबर काढावा. अचानक दोन-दोन दिसणं, डोळ्यासमोर पडदा आल्यासारखं होणं, विजेसारखे झोत दिसणं यात चष्म्याचा दोष शोधत बसू नका, त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा.

विश्रामबाग_सांगली
पाटी दोन्ही डोळ्यांनी वेगवेगळी वाचता येते. फ्रेम जराशी उचलली की स्क्रीन एकदम स्वच्छ. फ्रेम धातूची आहे. दुकानात नेमकं काय सांगू?

मिरजेचा_काचवाला
मग फिटिंगच आहे. "काचेवरच्या खुणा पुन्हा काढून द्या" म्हणा. प्रोग्रेसिव्ह काचेवर ३४ मिलिमीटर अंतरावर दोन बारीक कोरीव खुणा असतात, ट्यूबलाइटखाली तिरकं धरलं की दिसतात. कंपनीच्या तक्त्यावर त्या जुळवून स्केच पेननं फुली काढतात. चष्मा घालून सरळ लांब बघा; समोरच्यानं आपले डोळे तुमच्या डोळ्यांच्या पातळीला आणून तपासायचं. फुली बरोब्बर बुबुळाच्या मध्यावर हवी.

ती खाली असेल तर आधी नोजपॅड (नाकावर टेकणाऱ्या छोट्या गाद्या) एकमेकांजवळ घ्यायला सांगा, फ्रेम वर चढते. काड्या कानामागे नीट वळवून घ्या, म्हणजे घामानं घसरणार नाही. फ्रेमची खालची कड गालाकडे थोडी झुकलेली हवी, ८ ते १२ अंश, आणि काच डोळ्यापासून १२ ते १४ मिलिमीटरवर. काच लांब राहिली की वाचायची पट्टी आणखी अरुंद होते.

दोन्ही डोळ्यांचं पीडी, म्हणजे नाकाच्या मध्यापासून बुबुळाच्या मध्यापर्यंतचं अंतर, वेगवेगळं मोजलंय का, तेही विचारा. नाक अगदी मध्यावर असतंच असं नाही. तुमच्या नंबराला काच ३ मिलिमीटर बाजूला बसली तर जवळजवळ १ प्रिझम (प्रकाश बाजूला वळवण्याचं माप) तयार होतो आणि कपाळ ठणकू शकतं. पॅड हलवूनही फुली जागेवर येत नसेल तर काच नवीनच लागेल. बऱ्याच कंपन्या ठरावीक मुदतीत बदलून देतात, म्हणून बिल घेऊन लवकर जा.

हळद_रोड
पेढीवर बसता म्हणून सांगतो. हळदीची धूळ कोरड्या फडक्यानं कधीच पुसू नका, कोटिंगवर बारीक चरे पडतात आणि रात्री दिव्यांभोवती धुकं दिसतं. आधी नळाखाली धरा, भांड्यांच्या लिक्विडचा एक थेंब बोटानं फिरवा, धुवा, मग मऊ सुती कापडानं टिपा. पुसताना फ्रेम एका काडीला धरू नका, नाकावरच्या पुलाला धरा. नाहीतर आज बसवलेलं फिटिंग पुन्हा वाकडं होईल.