मदत हवी आहे: वस्तीतल्या कामासाठी निधी कुठून मिळेल?

नमस्कार मंडळी,

पुण्यात पर्वतीच्या पायथ्याशी असलेल्या एका वस्तीत आमचं महिला मंडळ काम करतं. सार्वजनिक शौचालयाच्या वाटेवर दिवे नाहीत, त्यामुळे रात्री मुली एकट्या जायला घाबरतात. दहावी-बारावीच्या पोरांना अभ्यासाला जागा नाही. आणि व्यसनाकडे वळलेल्या मुलांशी बोलायला आठवड्यातून दोनदा तरी समुपदेशक यावा, असं वाटतं.

दिव्यांचं त्यातल्या त्यात सोपं आहे. पुणे महापालिका २००६ पासून अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून कामं मागवते, तिथे अर्ज टाकणार आहोत. पण तो पैसा खांब, बाक, फरशा यांत जातो. समुपदेशकाचं मानधन त्यातून निघत नाही, आणि खरी गरज तीच आहे.

म्हणून कंपन्यांचा सीएसआर निधी, म्हणजे कंपन्या समाजकार्यासाठी देतात तो पैसा, बघितला. तिथे संस्थेची १२ए आणि ८०जी (आयकर सवलतीसाठीच्या) आणि सीएसआर-१ (असा निधी घेण्यासाठी सरकारकडे करायची) नोंदणी हवी, शिवाय तशाच कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव. आमचा ट्रस्ट गेल्या वर्षीच धर्मादाय आयुक्तांकडे नोंदवला! एका सल्लागाराने सगळं करून देतो म्हणून मिळणाऱ्या निधीत टक्केवारी मागितली. त्याला सरळ नाही म्हटलं.

आता विचारायचं हे की, एखाद्या जुन्या संस्थेच्या नावावर निधी घेऊन काम आम्ही करायचं, असं कुणी केलंय का? करारात काय लिहून घ्यावं? हिशेब कुणी ठेवायचा? आणि मानधनाला पैसे देणारे छोटे देणगीदार कुणाला माहीत असतील तर तेही सांगा, प्लीज.