चर्चा: कोलकात्याचे राष्ट्रीय ग्रंथालय मराठी वाचकाचे नाही काय?

दाखलअंक: कोलकात्याचे राष्ट्रीय ग्रंथालय ही बंगाली वाचकांची सोय आहे, तेव्हा तेथील मराठी पुस्तके उचलून मुंबईला आणावीत, हे ‘घाटमाथा’ यांचे कालचे मत वाचून मला स्वस्थ बसवेना. ज्या भूमीला आपण परकी म्हणतो, तेथेच विल्यम कॅरी या इंग्रज मिशनऱ्याचे मराठी व्याकरण 1805 साली छापले गेले (श्रीरामपूर हे हुगळीकाठचे, नगर जिल्ह्यातले नव्हे), आणि त्या कामात त्याला साहाय्य करणारे वैजनाथ पंडित कोलकात्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजातच होते. त्याच कॉलेजाची 4,675 पुस्तके 1836 साली निघालेल्या कलकत्ता पब्लिक लायब्ररीला मिळाली. पुढे हा संग्रह आणि सरकारी खात्यांची ग्रंथालये एकत्र करून व्हाइसरॉय कर्झनने 1903 साली मेटकाफ हॉलमध्ये इंपीरियल लायब्ररी सर्वांसाठी खुली केली. 1948 मध्ये तिचे नाव बदलून राष्ट्रीय ग्रंथालय झाले, 1953 मध्ये बेल्व्हेडिअरच्या वास्तूत मौलाना आझादांच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले, आणि राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत, केंद्राच्या यादीतील 62व्या नोंदीत, तिचा नावानिशी उल्लेख आहे. बंगाली इतिहासकार जदुनाथ सरकारांचा ग्रंथसंग्रहही तेथेच आहे. रियासतकार सरदेसायांशी त्यांचा किती जिव्हाळा होता हे ठाऊक असणाऱ्याने तरी त्या वास्तूला परके म्हणू नये.

घाटमाथा: इतिहासाबद्दल माझे काहीच म्हणणे नव्हते. साताऱ्याहून कोलकात्याला जाऊन, राहण्याजेवण्याचा खर्च करून, चार दिवसांत किती पुस्तके पाहून होतात, हा माझा प्रश्न होता. प्रकाशकांनी ग्रंथालयांना प्रती द्याव्यात, अशा 1954च्या कायद्याने प्रत्येक पुस्तकाची एक प्रत मुंबईच्या मध्यवर्ती ग्रंथालयातही जाते. मग मराठीची दुसरी प्रत दोन हजार किलोमीटरवर ठेवून कोणाचे भले होते? जे पुस्तक हाती येत नाही, ते असून नसल्यासारखेच आहे.

दाखलअंक: दोन प्रती दोन टोकांना असाव्यात, यातच त्या कायद्याचे शहाणपण आहे. माझ्या आत्याचा एकुलता एक कवितासंग्रह 1961 साली एका लहान छापखान्यातून निघाला. घरच्या प्रती वाळवीने खाल्ल्या आणि गावच्या वाचनालयाने आपली प्रत ‘वाचक नाही’ म्हणून बाद करून रद्दीत घातली. तो संग्रह मला अखेर बेल्व्हेडिअरच्या आवारात सापडला. पाने पिवळी पडली होती, परंतु एकही गहाळ नव्हते. तेथे बसून मी तो दोन दिवसांत हाताने उतरवून घेतला. त्या दोन दिवसांचा खर्च मला आजही जड वाटत नाही.

मुद्रितशोधक: आपल्या आत्याबाईंच्या छापखानदाराने प्रत पाठवली, म्हणून ती सापडली. खरे दुखणे येथे आहे आणि आपण दोघेही ते टाळून बोलत आहात. प्रकाशनापासून तीस दिवसांच्या आत स्वखर्चाने प्रती पोचत्या कराव्यात, असे कायदा सांगतो. राष्ट्रीय ग्रंथालयाची प्रत तर उत्तम कागदावरची, नकाशे-चित्रांसह पूर्ण असावी, असेही त्यात आहे. मी एकोणीस वर्षे ज्या प्रकाशनसंस्थेची मुद्रिते तपासली, तिने माझ्यादेखत एकही प्रत पाठवली नाही. न पाठवल्याबद्दल त्या कायद्यात दंड ठेवला तो 50 रुपये आणि पुस्तकाची किंमत! प्रत गेली नाही की पुस्तक राष्ट्रीय ग्रंथसूचीत येत नाही, आणि पन्नास वर्षांनी शोध घेणाऱ्याला ते लिहिलेच गेले नव्हते असे वाटते. शंकर गणेश दाते यांनी 1800 ते 1950 या काळातील मराठी पुस्तकांची सूची एकट्याच्या जिद्दीने केली. आज कायदा पाठीशी असून आपण त्यांच्या श्रमांचा अपमान करीत आहोत.

लहानछापखाना: हे शब्द मला लागले. माझी आवृत्ती तीनशे प्रतींची असते. त्यांतल्या कोलकाता, मुंबई, चेन्नई आणि दिल्ली अशा चार प्रती टपालखर्चासह फुकट द्यायच्या, आणि वर चोर ठरायचे? मुद्रिते तपासणाऱ्याला महिन्याच्या महिन्याला पैसे मिळतात, मला पुस्तक विकल्याशिवाय मिळत नाहीत.

मुद्रितशोधक: महिन्याच्या महिन्याला म्हणता? माझे शेवटच्या वर्षाचे पैसे अजून यायचे आहेत. आणि तीनशेच प्रती असतील तर चार जपणे अधिकच निकडीचे आहे, कारण उरलेल्या दोनशे शहाण्णव विरून जायला एक पिढीही पुरते.

घाटमाथा: मूळ प्रश्न बाजूला पडला, तरी हा हिशेब मला नवा होता, हे मान्य करावे लागेल. कोलकात्याची प्रत तेथेच राहू द्या. मात्र तिचे छायाचित्रण करून ती माझ्या तालुक्याच्या वाचनालयात वाचता आली पाहिजे, ही मागणी मी सोडणार नाही. नुसते जपून ठेवणे म्हणजे सार्वजनिक उपयोग नव्हे.

दाखलअंक: त्या मागणीवर माझी सही घ्या. पुस्तके हलवण्याची भाषा तेवढी मागे घ्यावी.

लहानछापखाना: टपालखर्च सरकारने सोसावा, हे माझे मत कायम आहे. तरीही मुद्रितशोधकांचा दोनशे शहाण्णवचा आकडा डोक्यातून जात नाही, म्हणून आज गठ्ठे उघडून बसलो. गेल्या सहा वर्षांतल्या अकरा पुस्तकांपैकी दोन संपलेली आहेत आणि त्यांची एकेकच प्रत माझ्याजवळ आहे. उरलेली नऊ सोमवारी चारही ठिकाणी रवाना करीन. या दोन प्रतींचे काय करावे, ते मला कोणी सांगावे.